ओहोटीची उंचीही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की आपल्या अंकात रोज भरतीची वेळ आणि उंची येते. आकडा साडेचार मीटरच्या वर गेला की त्याची चौकट होते, कधी मथळाही होतो. ऑक्टोबर उजाडला की ही चौकट नाहीशी होते. आमची विनंती एवढीच की ऑक्टोबर ते मे या काळात तेवढीच जागा ओहोटीला द्यावी आणि वेळेबरोबर ओहोटीची उंचीही छापावी. मागणी किरकोळ वाटेल, म्हणून तिच्यामागची कारणे जरा सविस्तर लिहितो.

आधी त्या आकड्याविषयी. भरतीच्या तक्त्यातले ‘४.७ मीटर’ म्हणजे लाटेची उंची नव्हे. सागरी नकाशांसाठी ठरवलेल्या एका शून्य पातळीपासून पाणी किती चढणार, एवढेच तो आकडा सांगतो. लाटा त्या पाण्यावर वेगळ्या. तेव्हा ‘पावणेपाच मीटरच्या लाटा उसळणार’ हा दरवर्षी सगळीकडे छापला जाणारा मथळा चुकीचा आहे, तो एकदाचा थांबवलात तर बरे होईल. त्याच शून्यापासून ओहोटीही मोजतात. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे, पाणी सरासरी ४.४ मीटरपर्यंत चढते आणि पाऊण मीटरपर्यंत उतरते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आगेमागे, ते सुमारे ३.३ मीटरपर्यंतच चढते आणि उतरताना १.९ मीटरच्या आसपासच अडते. नुसती वेळ छापली तर दोन्ही ओहोट्या सारख्याच दिसतात. खडपावर, म्हणजे ओहोटीत उघड्या पडणाऱ्या खडकाळ किनाऱ्यावर, मात्र मीटरभर पाण्याचा फरक म्हणजे कालवांच्या पट्ट्यापर्यंत पोहोचणे आणि प्रवाळांपर्यंत पोहोचणे, एवढा फरक.

तक्ता हाताशी नसेल तेव्हा कोळीवाड्यात चालणारे गणित आजही कामाला येते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, त्यात सहा तास मिळवले की ओहोटीची. द्वितीयेला भरती दीडला, ओहोटी साडेसातला. तृतीयेला ओहोटी सव्वाआठला. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, मोजणी प्रतिपदेपासूनच करायची. भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते आणि हे गणित ४५ धरते, शिवाय तिथीही घड्याळाप्रमाणे बदलत नाही. म्हणून उत्तरात अर्ध्या-पाऊण तासाची चूक धरून चालावे.

आता अष्टमीला हेच गणित करून बघा. भरती सहाला, ओहोटी बाराला. याचा अर्थ मुंबईत भरदुपारी येणारी ओहोटी ही भांगाचीच असते, आणि उधाणाची खरी सुकती नेहमी सकाळी किंवा संध्याकाळी येते. रविवारी जेवणाआधी मुलांना घेऊन ‘लो टाइड’ला हाजी अलीला गेलेल्या मंडळींना काळे दगड, प्लॅस्टिक आणि फार तर दोन खेकडे दिसतात ते यामुळे. वेळ बरोबर असते, दिवस चुकलेला असतो. पौर्णिमा-अमावास्येनंतरची द्वितीया आणि तृतीया नवख्यांसाठी सर्वांत सोयीची. पाणी त्याच सुमारास सर्वांत खाली जाते, आणि डिसेंबर-जानेवारीत सातनंतर उजाडले तरी साडेसात-आठची ओहोटी हाती लागते. संध्याकाळची ओहोटी पहिल्यांदा जाणाऱ्यांनी टाळावी, कारण पाणी फिरायला आणि अंधार पडायला एकच गाठ पडते.

एवढा आटापिटा करून बघायचे काय, तर पहिल्यांदा दगडच. ओहोटीत मागे उरलेल्या डबक्यात कोणते जीव राहतील हे डबके कशात पडले आहे त्यावर ठरते, आणि मुंबईच्या खडपात दगडाचे प्रकार थोडे नाहीत. दख्खनच्या लाव्हाचे मुख्य थर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे. मुंबईतले त्या मानाने धाकटे, ६.२ कोटी वर्षांच्या आगेमागचे. सह्याद्रीत हे थर जवळपास आडवे आहेत. पनवेलच्या बाजूने या थरांना वाक आला आहे, त्यानंतर ते पश्चिमेला, समुद्राच्या दिशेने कलतात. भूशास्त्रात याला पनवेल फ्लेक्शर म्हणतात. त्याचा परिणाम खडपावर उभे राहून दिसतो: कठीण थराची पाठ समुद्राकडे हळूहळू उतरत जाते आणि तुटकी कड जमिनीकडे तोंड करून उभी राहते. त्या कडेच्या पायथ्याशी मऊ थर झिजून चर तयार होतात आणि ओहोटीत पाणी तिथे अडून राहते. म्हणून अशा ठिकाणी डबकी किनाऱ्याला समांतर, उत्तर-दक्षिण लांबट असतात. आणि म्हणूनच भरती लागली की तुम्ही समुद्राकडे बघत उभे असताना पाणी एखाद्या फटीतून शिरून आधी तुमच्या पाठीमागचा चर भरते. खडपावर माणसे अडकतात ती बहुतेक वेळा अशी.

घट्ट काळ्या बेसाल्टला थंड होताना तडे गेलेले असतात. तड्यांच्या भिंती सरळ आणि खोल, त्यामुळे खेकड्यांना आणि गोबी माशांना आडोसा मिळतो, पण वर पाणी फारसे साठत नाही. लाव्हाच्या प्रवाहाचा वरचा भाग वेगळा असतो. त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या झाल्या आणि नंतर झिओलाइट, कॅल्साइट, क्वार्ट्ज अशा पांढऱ्या खनिजांनी त्या भरल्या. लाटांनी खनिज निखळले की करंगळी जाईल एवढा खळगा उरतो. अशा एका खळग्यात भिंग लावून बघा: तळाशी चमचाभर पाणी, कडेला बार्नेकलची, म्हणजे दगडाला कायमच्या चिकटणाऱ्या कवचधारी जिवांची, तांदळाच्या कणीएवढी पिल्ले, आणि सावलीच्या बाजूला चार-पाच बारीक गोगलगायी एकमेकींना चिकटून बसलेल्या. उन्हाच्या बाजूला एकही नाही. तिसरा दगड पिवळसर-हिरवट, ज्वालामुखीची राख आणि लाव्हाचे तुकडे एकत्र घट्ट झालेला. तो मऊ, त्यामुळे खालून कोरला जातो आणि कोनाडे तयार होतात. दिवसभर सावली आणि ओल असलेल्या या कोनाड्यांतच स्पंज आणि प्रवाळ जास्त सापडतात. कुठे कुठे थरांना उभी चिरत गेलेली काळी भिंत दिसते, ती डाइक, म्हणजे भेगेत घुसून गोठलेला लाव्हा. आजूबाजूचा दगड मऊ असला तर डाइक भिंतीसारखी उभी राहते, कठीण असला तर उलट तीच झिजून तिची घळ होते.

मढ, मनोरी, उत्तनकडे गेलात तर रंगच बदलतो. तिथला फिकट, पिवळसर ट्रॅकाइट हाही ज्वालामुखीचाच, पण सिलिका जास्त असलेला. शहरातल्या जुन्या इमारतींतला ‘मालाड स्टोन’ याच घराण्यातला. शिवडीला पाण्यात ओतला जाऊन उशांच्या आकारात गोठलेला लाव्हा नोंदला गेला आहे. वरळीच्या लाव्हाथरांमध्ये तर गोड्या पाण्याच्या तळ्याचा गाळ सापडला आणि त्यात बेडकांचे जीवाश्म. रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्या बेडकाचे वर्णन केले, आज त्याला इंडोबॅट्राकस म्हणतात. दोन उद्रेकांमध्ये इथे तळी साचून त्यांत बेडूक नांदण्याइतकी शांतता होती, हे त्यावरून कळते. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे उभे स्तंभ या सगळ्याच्या जोडीने बघावेत. अशा स्तंभांसाठी लोक उडुपीजवळच्या सेंट मेरी बेटांवर जातात आणि अंधेरीतले बघायचे राहून जातात, याचे नवल वाटते.

दगड ओळखायला तीन वस्तू पुरतात: दहापट मोठे दाखवणारे भिंग, लोखंडी खिळा आणि ड्रॉपरच्या बाटलीत व्हिनेगर. पांढऱ्या खनिजावर खिळ्याने ओरखडा उठला आणि व्हिनेगरच्या थेंबाने बारीक बुडबुडे आले तर ते कॅल्साइट. ओरखडा उठलाच नाही तर क्वार्ट्ज. ओरखडा कसाबसा उठला पण बुडबुडे नाहीत, तर झिओलाइट असण्याची शक्यता जास्त. कसोटी सुट्या पडलेल्या तुकड्यावर आणि डबक्यापासून दूर करावी, कारण व्हिनेगर पाण्यात पडले तर तिथल्या जिवांना झोंबते. ताजा बेसाल्ट आतून काळा असला तरी बाहेरून तपकिरी दिसतो, कारण त्यातले लोह गंजते. तेव्हा नुसत्या रंगावर जाऊ नये. होकायंत्रावरही विसंबू नये, बेसाल्टमधल्या चुंबकीय खनिजामुळे दगडाला टेकवल्यावर ते फसवू शकते. हातोडा घरीच ठेवावा.

जीवांचे पट्टे वरून खाली बघत जावे. सर्वांत वर, जिथे फक्त शिंतोडे पोहोचतात, तिथे मुगाएवढ्या गोगलगायी फटींत दाटीने बसतात. त्याखाली बार्नेकल. मग कालवे, आणि त्यांच्या आसपास त्यांना खाणाऱ्या जाड कवचाच्या गोगलगायी. कालवाच्या रिकाम्या शिंपेवर सुईने पाडल्यासारखे गोल भोक दिसले तर ते यांचेच काम: शिंपेला भोक पाडून आतले मांस खातात. याच पातळीवर पेरोनिया ही चामड्यासारख्या पाठीची, कवच नसलेली गोगलगाय फिरते. ती हवेत श्वास घेते, त्यामुळे दगड उघडा पडल्यावर चरायला बाहेर येते आणि पाणी यायच्या आत फटीत परतते. रंग थेट दगडाचा, हलली नाही तर पाय पडतो. त्याच्याही खाली, फक्त उधाणाच्या ओहोटीत उघडा पडणारा पट्टा म्हणजे खरा खजिना. झोअँथिड या प्रवाळांच्या मऊ भावंडांचे हिरवे-तपकिरी गालिचे, दगडी प्रवाळ, ब्रिटल स्टार हे बारीक हातांचे तारामाशासारखे जीव, ऑक्टोपस, आणि रंगीत न्यूडिब्रँक, म्हणजे कवच नसलेल्या समुद्री गोगलगायी. त्यातल्या एकाचे शास्त्रीय नावच गोनियोब्रँकस बॉम्बेयानस, १९४६ मध्ये मुंबईवरून ठेवलेले.

पट्टे असे का पडतात? वरची हद्द ऊन आणि कोरडेपणा ठरवतो, खालची हद्द बहुतेक वेळा शत्रू आणि जागेची मारामारी. डबक्यांनाही तोच नियम. वरच्या उथळ डबक्यात दुपारी पाणी तापते, बाष्पीभवनाने खारट होते, आणि रात्री शेवाळ प्राणवायू सोडत नसल्याने तो घटतो. म्हणून तिथे थोडे आणि चिवट जीवच टिकतात. गुडघाभर खोल आणि सावलीतले डबके कितीतरी जास्त भरलेले असते. जिथे नाला येऊन मिळतो तिथे हिरवेगार उल्वा शेवाळ माजते. ते सांडपाण्यातल्या खतावर वाढलेले, आणि पाय घसरण्याची सर्वांत हमखास जागाही तीच.

जाण्याची पद्धत अशी. तक्त्यात ओहोटी अर्ध्या मीटरच्या आसपास किंवा खाली असेल तो दिवस धरावा. १.२ मीटरच्या वर असेल तर खालचा पट्टा दिसायची आशा सोडावी. ओहोटीच्या वेळेआधी तासभर, जमल्यास दीड तास पोहोचावे आणि उतरत्या पाण्यामागे खाली जात राहावे. ऐन वेळेला पोहोचणे ही नेहमीची चूक: खालचा पट्टा गाठेपर्यंत पाणी फिरलेले असते. ओहोटीनंतर अर्ध्या तासात परतीला लागावे. भरती सुरुवातीला संथ वाटते, तिथेच माणूस फसतो. एकूण ३.६ मीटर पाणी चढायचे असेल तर पहिल्या तासात ३०, दुसऱ्यात ६०, तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी ९० सेंटिमीटर चढते. ५० मीटरला एक मीटर उतार असलेल्या खडपावर ९० सेंटिमीटर म्हणजे तासात ४५ मीटर जमीन पाण्याखाली. वर पाठीमागच्या चरांचे काय ते आधीच लिहिले आहे.

पायात पूर्ण बंद, पकड असलेले बूट हवेत. चप्पल शेवाळावर सुटते आणि कालवाची कड तळवा ब्लेडने कापल्यासारखा चिरते. जखम झालीच तर गोड्या पाण्याने आणि साबणाने लगेच धुवावी, कारण आपल्या किनाऱ्याच्या पाण्यात सांडपाणी आहे. गटात आठ-दहापेक्षा जास्त माणसे नकोत, नाहीतर बघण्याआधीच सगळे तुडवले जाते. डबक्याशी सूर्य समोर ठेवून बसावे, म्हणजे आपली सावली पाण्यावर पडत नाही, आणि दोन मिनिटे हलू नये. मासे आणि कोळंब्या तेवढ्या वेळात पुन्हा बाहेर येतात. दगड उलटायचा तर एका हाताने उचलेल एवढाच, एक कड वर करून, मोजून दहा-पंधरा सेकंद, आणि होता तसाच हलकेच परत. उलटा टाकून दिलेल्या दगडाखालचे सगळे उन्हाने मरते आणि वरचे शेवाळ अंधारात कुजते. रुतलेल्या दगडाला हात लावू नये. झोअँथिडांना तर नाहीच: त्यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असते, तो हात डोळ्याला लागला तर महागात पडेल. शंकूच्या आकाराचे देखणे शंखही उचलू नयेत, आतला जीव डंख मारतो. रिकामे शंख खिशात घालण्याची सवयही सोडावी. खडपावरच्या शंखवासी खेकड्यांना घरे तीच असतात. प्रवाळ, समुद्रकाकडी आणि समुद्रघोडा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांना उचलणे, घरी नेणे हा गुन्हा आहे. जून ते सप्टेंबर खडपावर उतरूच नये.

हे सगळे वाचकांच्या सहलीपुरते असते तर आपली जागा मागितली नसती. भरती आणि ओहोटीच्या रेषांमधला पट्टा २०१९ च्या किनारी नियमन अधिसूचनेत सीआरझेड-१ब (किनारी नियमन क्षेत्राचा एक वर्ग) म्हणून नोंदला आहे. तरीही तिथे काम निघाले की ‘तिथे नुसते दगड तर आहेत’ असे सहज म्हटले जाते. भांगाच्या ओहोटीत पाहणी केली तर खरोखरच नुसते दगड दिसतात. कोस्टल रोडच्या वेळी हाजी अली आणि वरळीच्या खडपावर प्रवाळ असल्याचे पुढे आले आणि २०२० मध्ये ते उचलून दुसरीकडे लावावे लागले. खडपावर ते आधीपासून होतेच, आणि मरीन लाइफ ऑफ मुंबईसारखा नागरिकांचा गट २०१७ पासून या किनाऱ्याच्या नोंदी ठेवत होता. म्हणून किनाऱ्यावरच्या कुठल्याही कामाच्या अहवालात पाहणीची तारीख, वेळ आणि त्या वेळची ओहोटीची उंची लिहिणे सक्तीचे करावे, असे आमचे मत आहे. अर्ध्या मीटरच्या ओहोटीतली निदान एक पाहणी नसेल तर तो अहवाल अपुराच.

टेट्रापॉड, म्हणजे किनाऱ्यावर टाकलेले चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे, आणि भरावाचे धोंडे यांवरही कालवे धरतात, असा युक्तिवाद होतो. धरतात, खरे आहे. पण त्यांच्यात पाणी ठरत नाही, फटींतून निथळून जाते, आणि उतार उभा असल्याने सगळे पट्टे काही मीटरांत चेपले जातात. चर नाही, कोनाडा नाही, खळगा नाही. सिडनी बंदरात समुद्रभिंतींना पाणी धरणाऱ्या कुंड्या बसवून, भिंत मुद्दाम खडबडीत करून प्रयोग झाले आहेत. नव्या भिंती बांधायच्याच असतील तर ते आपल्याकडेही करून बघता येईल. मूळ खडप वाचवण्याला मात्र तो पर्याय नव्हे.

तेव्हा चौकटीत काय असावे, तेही सुचवतो. तारीख आणि तिथी. दोन्ही ओहोट्यांच्या वेळा आणि उंची मीटरमध्ये, कारण एकाच दिवसाच्या दोन ओहोट्या सारख्या नसतात. सूर्योदय आणि सूर्यास्त. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यांत अपोलो बंदरचे आकडे वर्षभर आधी मिळतात, वेगळी यंत्रणा लागणार नाही. अर्ध्या मीटरच्या खालचा आकडा ठळक छापावा. जागा कमी पडली तर सूर्योदय-सूर्यास्त गाळा, उंची गाळू नका.

आपले,
किनाऱ्याचे काही अभ्यासक, मुंबई